जोड्याच्या तळात शिवलेली नोट

मी एक जुनी, कधीच रद्द झालेली चिनी नोट आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, आता ही आपली गोड गोड कहाणी सांगणार. नाही. मला राग आलेला आहे आणि इतक्या वर्षांत तो ओसरलेला नाही.

माझा जन्म छापखान्यातला. अंगाला ताज्या शाईचा वास, कडेला नक्षी आणि नाव काय, तर सुवर्ण युआन. सोन्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता, पण नाव ठेवताना मला कोण विचारतो? चौकोनी भोकाची तांब्याची नाणी आमच्या देशात दोन हजार वर्षं दोरीत ओवून फिरली. कागदी पैसा जगात पहिल्यांदा काढला तोही आमच्याच लोकांनी. आणि एकामागून एका राजाने तो हवा तेवढा छापून त्याची माती केली. म्हणजे मला छापणाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणूनच मला त्यांची चीड येते.

१९४८च्या उन्हाळ्यात शांघायमध्ये हुकूम निघाला. आधीच्या तीस लाखांच्या नोटा द्या आणि माझ्यासारखा एक युआन घ्या. शिवाय घरातलं सोनं-चांदी आणून जमा करा, लपवाल तर तुरुंगात जाल.

तिथल्या एका गल्लीत पान नावाची एक आजी राहायची. तिची थोडी चांदीची नाणी रुमालात बांधून तांदळाच्या रांजणात पुरलेली होती. ती तिच्या शवपेटीसाठी होती. तिच्या वयाच्या बायका आपली पेटी जिवंतपणीच करून ठेवत, दरवर्षी तिला रोगण लावत आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवत. पान आजीने चू सुताराच्या दुकानात लाकूडही हेरून ठेवलं होतं.

तिचा मुलगा चिंगरेन कापडाच्या दुकानात नोकरीला होता. हुकूम म्हटला की तो पाळायला सगळ्यांच्या आधी धावायचा.

“आई, देऊन टाकू. घरं तपासतायत.”

“माझी पेटी आहे ती.”

“नोटा देऊनही पेटी येते. सरकारने सांगितलंय, भाव वाढणार नाहीत.”

“सरकार मरणारे का माझ्याऐवजी?” म्हातारी म्हणाली. पण मुलाचं उतरलेलं तोंड बघून तिने रुमाल उचलला.

बँकेतल्या कारकुनाने एकेक नाणं दोन बोटांत धरलं, कडेवर जोरात फुंकर मारली आणि कानाशी नेलं. खरी चांदी अशी फुंकल्यावर बारीक गुणगुणते. आजीची सगळी नाणी गुणगुणली. मग त्याने आम्हा नोटांची चळत पुढे सरकवली. आजीने मला उचललं, माझ्या कडेवर तशीच फुंकर मारली आणि कानाशी धरलं.

“ही काही बोलत नाही हो.”

“आजी, नोट कधी बोलते का? व्हा पुढे.”

रांगेतले लोक हसले. मला वाचा असती तर मी तिथेच ओरडले असते, की आजी, मला घेऊ नकोस.

आजी तिथून तडक चूकडे गेली. सरकारने सगळ्या वस्तूंचे भाव बांधून दिले होते, त्यामुळे दुकानदार माल लपवून बसले होते.

“लाकूड कुठलं आजी? संपलं सगळं.”

“मग मागे ताडपत्रीखाली कोण झोपलंय? तुझा बाप?”

चू खाली बघून म्हणाला, “तुमच्यापासून काय लपवू? हा कागद घेतला तर उद्या मला एक फळीसुद्धा मिळणार नाही. चांदी आणा, आत्ता रंधा हातात घेतो.”

“अरे, चांदी देऊनच तर हा आणला.”

चूला मी दोष देत नाही. त्यालाही पोरंबाळं होती.

पुढे भावांवरचा बांध फुटला. चिंगरेन पगार पिशवी भरून आणायचा आणि त्यात आठवड्याचे तांदूळ येत नव्हते. वसंतात पितरांचा सण आला. पितरांना परलोकात पैसा मिळावा म्हणून जाळायचा पिवळा कागदही तेव्हा माझ्यापेक्षा महाग होता.

“मग हीच जाळू बाबांसाठी,” चिंगरेन म्हणाला.

“खबरदार. तो पिवळा कागद निदान तिकडे तरी चालतो. ही कुठेच चालत नाही. तुझ्या बापाला फसवायचं नाही.”

तिने घराचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं, आडवं टाकलं आणि त्यावर खळ लावून चिंध्यांचे थर चढवले. मधल्या थरांत आम्ही नोटा. वाळल्यावर ते कापून तिने चिंगरेनच्या कापडी जोड्यांचे तळ शिवले.

“पायाखाली असू दे,” ती म्हणाली. “चालताना आठवण राहील.”

त्याच वर्षी ती गेली. पेटी नव्हती. चू सुतार न बोलावता आला, तेच दार पुन्हा उतरवलं, ते पुरेना म्हणून तिच्या पलंगाच्या फळ्या काढल्या आणि खिळे ठोकून खोका केला. बिजागऱ्यांच्या खाचा बाहेरून दिसत होत्या. त्याने मजुरी घेतली नाही. चिंगरेन ते जोडे घालून मागून चालला. तुडव मला, आणखी जोराने तुडव, असं मी मनात म्हणत होते. पण मला छापणारे त्या जोड्यांखाली नव्हते. लोकांनी जमा केलेली चांदीसुद्धा पळणाऱ्या सरकारने जहाजांत भरून केव्हाच समुद्रापार नेली होती.

चिंगरेनने ते जोडे पुन्हा घातले नाहीत, टाकलेही नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी म्हणणार नाही. मला खुशाल फाडा. पण एखादी म्हातारी तुमच्या शब्दावर विसंबून हातातलं सोडून देईल, तेव्हा तो शब्द जपा. न पाळलेल्या शब्दाचं ओझं मी अजून वाहते आहे.

परवा चिंगरेनच्या नातीने, लानलानने, पेटारा उपसला. जोड्याचा तळ उसवला होता. तिने मला कोपऱ्याला धरून ओढून काढलं. चिंगरेन आता फार म्हातारा झाला आहे. त्याने मला हातात घेतलं, माझ्या कडेवर फुंकर मारली आणि कानाशी धरलं.

“आजोबा, काय आहे हे?”

“तुझ्या पणजीची पेटी,” तो म्हणाला.