अर्ध्या आट्याचा हुकूम

साहेब, तुम्ही अहवालात खोटं लिहिलंत. "मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे झाकण खराब झाले." ते झाकण मीच. माझ्या डोक्याची वाट कोणी लावली, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

मित्रांनो, मी एका जुन्या ट्रकच्या डिझेल फिल्टरचं झाकण आहे. काळं, प्लास्टिकचं, वाटीएवढं. माझ्याखाली गाळणी असते, ती डिझेलमधली घाण अडवते. माझ्या डोक्यावर पाना लावायला सहा कोपरे होते. त्यांच्या शेजारीच, मला किती जोराने आवळायचं त्याचा आकडा कारखान्यात कोरलाय. लपवून नाही, चांगला ठळक.

पहिली चार वर्षं सुखाची गेली. गॅरेजमधली मेकॅनिक, सगळ्यांची ताई, गाळणी बदलताना माझ्या रबरी रिंगेला बोटाने डिझेल लावायची, मला हातानेच फिरवून बसवायची आणि शेवटी आकड्यापुरता पाना लावायची. म्हणायची, "ह्याला दम द्यायचा नसतो."

मग तपासणीच्या दिवशी दुसऱ्याच एका ट्रकखाली डिझेल ठिबकलं. त्याची रिंग फाटली होती. रिंग बदलायची सोडून तुम्ही भिंतीवर कागद चिकटवलात: यापुढे प्रत्येक झाकण अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, जास्त आवळावे. खाली तुमची सही. दुखणं पायाला आणि मलम डोक्याला!

ताई म्हणाली, "साहेब, प्लास्टिक आहे ते. पुढच्या वेळी उघडायचं नाही."

"इंजिनियर तू आहेस की मी?"

"तुम्हीच. मग उघडायलाही तुम्हीच या."

सगळं गॅरेज हसलं. ते तुम्हाला झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ताई टायरच्या कामावर, आणि माझ्याकडे दोन दांडगे. पान्याला लोखंडी पाइप अडकवून त्यांनी मला असं पिळलं, की अर्ध्याचा एक आटा कधी झाला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांना काय बोलू? हुकूम तुमचा होता.

सहा महिन्यांनी ट्रक चढावर धापा टाकायला लागला. गाळणी तुंबली होती. तेच दोघे आले. पाना सटकला, पुन्हा सटकला, दर वेळी माझा एकेक कोपरा घेऊन गेला. दोन दिवस ट्रक जागचा हलला नाही. शेवटी ड्रायव्हरनेच ताईला बोलावून आणलं.

"ताई, निघेल का गं?"

"दादा, साफ टक्कल केलंय ह्याचं. धरू कुठे? शेंडी तरी ठेवायची होती!"

तुम्ही दारातूनच ओरडलात, "फुटलं तर घरी बसायचं!"

ताईने हातोडा, छिन्नी बाजूला सारली. माझ्याभोवतीची घाण पुसली, जुना फॅन बेल्ट माझ्या कमरेला घट्ट गुंडाळला आणि त्यात दांडा घालून हळूहळू पीळ दिला. "चल रे राजा, फुटू नकोस. आज तुझ्यावर माझी नोकरी आहे." मी जीव मुठीत धरला. कर्र झालं आणि मी फिरलो. अख्खा बाहेर आलो, एक तडा नाही! नवं झाकण बसलं, ट्रक गेला.

मग वरून विचारणा आली, ट्रक दोन दिवस का अडला? त्याच दुपारी तुम्ही भिंतीवरचा कागद फाडलात आणि अहवालात ताईचं नाव घातलंत. मला वाचवणारी आठ दिवस घरी बसलीय, आणि मी पुरावा म्हणून तुमच्या टेबलावर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मित्रांनो, वस्तूवर माप लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि ज्याचा हात रोज त्या वस्तूवर फिरतो, त्याचं ऐका. जोर काय, कोणीही लावतं.

साहेब, मान वळवू नका, तुमच्याशीच बोलतोय. ताईला कामावर परत कधी घेताय? बघू, करू, चालणार नाही. तारीख सांगा.