बड्या हॉटेलातली डुलकी

नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने तीन महिने संध्याकाळचा चहा सोडला होता. दवाखान्यासमोरच्या बड्या हॉटेलात दुपारचं जेवण निम्म्या किमतीत मिळायचं, आणि एकदा तरी तिथं ऐटीत बसून जेवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण नेमकी जायच्या दिवशीच ड्यूटी लांबली. ती पोचली तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. सूप तिने चवीने प्यायलं आणि पुढची डिश येईपर्यंत म्हणून डोळे मिटले.

उघडले तेव्हा आजूबाजूची टेबलं रिकामी होती. म्हातारा वेटर शेजारच्या खुर्चीवर टेकला होता.

"माझं जेवण?" ती ताडकन सरळ बसली.

"मिळेल की. आचाऱ्याला सांगून ठेवलंय, पोरगी उठली की ताजं कर."

"मला उठवायचं ना, काका!"

"तासभर मेल्यासारखी झोपली होतीस, उठवायला जीव होईना. शिवाय तुझ्या निमित्ताने मलाही जरा बसता आलं."

तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. बुटांच्या नाड्या सोडलेल्या होत्या, घोटे सुजलेले.

"हे कधीपासून?"

"वय झालं, दुसरं काय."

"उद्या सकाळी दवाखान्यात या. तुमचा नंबर मी लावून ठेवते."

"बरं, डॉक्टरीणबाई," म्हणत तो कण्हत उठला आणि वाफाळता मासा घेऊन आला. मासा लोण्यासारखा मऊ होता. तरी थकव्याने चावतानाही तिला दम लागत होता. तिने सावकाश सगळं संपवलं आणि उरलेला सॉस पावाने पुसून खाल्ला.