काढू नका

ऐका, मध्ये कुणी बोलू नका, नाहीतर माझी लिंक तुटते. आपली रुचा आहे ना, बनारसात सिगऱ्याला पेन्शनच्या ऑफिसात त्या जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर, काम करते? तिच्या गेल्या रविवारची गोष्ट.

त्या रविवारी मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची होती. जुनी काढून नवी. आता नवी टाकणं सोपं असतं, कंपनीच देते. खरी भानगड असते ती आपल्याच माणसांनी वर्षानुवर्षं जुनीत घुसवलेल्या बदलांची. इथे एक ठिगळ, तिथे एक टाका. ते सगळं उसवून नव्या कापडावर पुन्हा शिवायचं, आणि नव्या कापडाचं माप भलतंच. हे शिवणकाम रुचाचं. पोरगी अजून प्रोबेशनवर, पुढच्या महिन्यात पक्की व्हायची.

दुपारपर्यंत सगळे बदल बसले, एक सोडून. तो घातला की मशीन सुरू होता होता गोठायचं. काढला की झकास चालायचं. इवलासा तुकडा, मशीनला दिलेलं प्रत्येक काम, म्हणजे जॉब, सुरू होण्याआधी त्यात डोकावून बघणारा. पण बघतो काय? मूळ प्रोग्राम कधीच हरवलेला. उरले होते नुसते मशीनच्या भाषेतले आकडे आणि डोक्यावर एक ओळ: काढू नका, गोपीनाथ.

तिचे साहेब ऋतुराजसर म्हणाले, जो कशासाठी आहे ते माहीत नाही, तो बदल पुढे न्यायचा नाही. चार वाजता लखनऊच्या हेड ऑफिसला फोन करून सांगायचं होतं, नवी ठेवली की जुनीवर परतलो. चारनंतर परतीचा रस्ता बंद. आणि सोमवारी पेन्शनवाटप. काही चुकलं तर हजारो म्हाताऱ्यांचे पैसे अडकणार किंवा उडणार, आणि सही रुचाची.

रुचाने स्कूटी काढली आणि थेट बालाजी घाट. रिटायर झालेले गोपीनाथकाका तिथेच वरच्या गल्लीत राहतात. दारात लीलाकाकू. म्हणाल्या, रविवारी त्यांचं मौन असतं, सूर्य बुडेपर्यंत बोलणं नाही, लिहिणंही नाही. रुचाचा चेहरा बघून त्यांनाच दया आली.

"मान हलवतात ग. मी भाजीचंसुद्धा तसंच विचारते. तू विचार."

मग सुरू झालं. पैशांशी संबंध आहे? मान हो. कुणी चोरी करू नये म्हणून? काका इतके दुखावले की पाठ फिरवून बसले. काकूंनी त्यांना वळवलं. रुचा घड्याळाकडे बघत एकेक विचारत गेली. शेवटी म्हणाली, एकच जॉब दोनदा चालू नये म्हणून? काकांनी आनंदाने दोन्ही हात वर केले. मग डोक्यावरच्या बल्बकडे बोट दाखवून मूठ मिटली.

बिजली! तेव्हा बनारसची बिजली कधीही जायची. आली की कुणालाच कळायचं नाही, जॉब पुरा झाला होता की नाही. ऑपरेटर पुन्हा टाकायचे. झालेला असला तर पेन्शन दोनदा. काकांचा तुकडा दुसरा जॉब गपचूप अडवायचा.

पण आता तर बॅटऱ्या आहेत, जनरेटर आहे. किती वर्षांत मशीन बंद पडलेलं नाही. रुचाने विचारलं, मग आता सोडून देऊ?  काकांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि नदीच्या दिशेने रिकामी केली.

रुचा जिना उतरली ती उड्या मारतच. ऑफिसात येऊन सरांना सांगितलं, ज्याने केला तोच म्हणतो सोडा. सर एकदम खूश. म्हणाले, इंदूताई, चाचणीसाठी एक खोटा पेन्शन जॉब टाकून बघा, मग मी फोन लावतो.

इंदूताई जुन्या ऑपरेटर. त्यांनी जॉब टाकला. आणि चष्मा पुसून तोच जॉब पुन्हा टाकला.

रुचा झटकन त्यांच्याकडे वळली.

"ताई, दोनदा का टाकलात?"

"दोनदाच टाकतो ना आपण."

"पहिला गेला होता की."

"गेला असेल. पण मनाचं समाधान नको? मला शिकवणाऱ्यांनी असंच शिकवलं, मी पोरांना असंच शिकवलं. आजवर काही झालं का?"

स्क्रीनवर प्रत्येक खोट्या म्हाताऱ्याच्या खात्यात दोन पेन्शनी पडलेल्या.

काही झालं नव्हतं, कारण तो तुकडा रोज अडवत होता. बिजलीसाठी लावलेला, आणि लोकांच्या हाताला सवय लागली. काकांनाही हे ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, त्यांना सांग एकदाच टाका, विषय संपला. रुचा म्हणाली, सर, गाझीपूर, मिर्झापूर, सगळीकडून जॉब येतात, सगळीकडे एकेक इंदूताई आहे, उद्या सकाळपर्यंत कुणाकुणाचा हात धरणार? इंदूताई म्हणाल्या, मी इथेच बसलेय हं.

चार वाजत आले होते.

"परतलो तर लखनऊवाले कारण विचारतील," सर म्हणाले. "मी तुझं नाव सांगणार."

"तुम्ही कशाला, मीच सांगते," म्हणत तिने फोन उचलला. सरळ सांगितलं. जुनीवर परततोय, एक बदल समजला पण अजून नेता येत नाही, जिम्मेदारी माझी. पलीकडून त्यांनी इतकं सुनावलं की इंदूताईंना लांबूनही ऐकू गेलं.

सोमवारी पेन्शन एकेकदाच गेली. रुचाचं प्रोबेशन मात्र वाढलं. आता ती तो तुकडा पहिल्यापासून लिहितेय, आणि तिचा गपचूप अडवत नाही. जॉब दुसऱ्यांदा टाकला की स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत सांगतो, हे झालंय. इंदूताई चिडल्यात. म्हणतात, या पोरीने मशीनला उलट बोलायला शिकवलं.