दोघींत तिसरी

लेक सासूला घेऊन तीन आठवडे डोंगरातून पायी चालायला निघाली आहे, ही बातमी आईला जावयाकडून कळली. तीही बोलता बोलता. तो घराच्या खिडक्यांची मापं द्यायला दुकानात आला होता.

"या सुट्टीत घरी मी एकटाच," तो म्हणाला. "सासू-सुना चालल्यात डोंगर तुडवायला."

आई पडदे शिवायची. मशीनवरचं तिचं पाऊल थबकलं. "हो, म्हणाली होती चिंगी," असं तिने ठोकून दिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तो गेल्यावर बघते तर पडद्याची दुमड उलट्या बाजूने शिवून झालेली.

विहीणबाईंबद्दल तिची तशी काहीच तक्रार नव्हती, आणि हीच तिची मोठी तक्रार होती. त्या खोचक असत्या, भांडखोर असत्या, तर लेक कधीतरी रडत घरी आली असती आणि आईने तिला कुशीत घेतलं असतं. पण या बाई जन्मभर तलावावर मुलांना पोहायला शिकवून निवृत्त झालेल्या. रुंद खांदे, आखूड कापलेले पांढरे केस, खणखणीत आवाज आणि स्वभाव असा की कुणाच्याही घरी गेल्या तरी तिथलं मांजर त्यांच्याच मांडीवर येऊन बसावं. सुनेशी त्यांचं पहिल्या महिन्यातच मेतकूट जमलं होतं. आईला आधार होता तो एकाच गोष्टीचा. लेक सासूला 'अहो आई' म्हणायची आणि तिला 'अगं आई'. त्या 'अहो'त एक उंबरठा होता, आणि त्याच्या अलीकडे आपण एकटीच आहोत, असं ती मनाला सांगायची.

त्या संध्याकाळी तिने लेकीला फोन लावला. "मीही येते," ती म्हणाली.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. तेवढा क्षण आईला पुढे कितीतरी दिवस पुरला.

"अगं आई, चढ आहेत. पाठीवर ओझं असतं. तू कधी..."

"पाय मलाही दोनच आहेत ना? आणि विहीणबाई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत."

शेवटी ठरलं असं की पहिले चार दिवस तिने बरोबर चालायचं. पहिलं गाव लागलं की तिथून बसने परत. दोघी पुढे जातील. चिंगीच्या बाबांनी हे ऐकलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, जिना चढताना मधल्या पायरीवर तुला दर वेळी कुलूप नीट लावलं का याची आठवण येते. ती आठवण नसते, धाप असते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने भक्कम बूट आणले आणि पाय सरावावेत म्हणून ते घालूनच मशीनवर बसू लागली. गिऱ्हाइकं तिच्या पायांकडे बघायची आणि मग उगाच पडद्यांच्या कापडाबद्दल काहीतरी विचारायची.

गाडी संध्याकाळची होती. फलाटावर ती वेळेआधी जाऊन उभी राहिली. गर्दीतून लेकीचा आवाज आला, "अगं आई, इकडे!" ती हात वर करून वळली. तिच्या शेजारीच, गर्दीत न दिसलेल्या विहीणबाईही वळल्या. लेक हात हलवत होती ती विहीणबाईंकडे बघून. म्हणजे उंबरठा कधीच ओलांडला गेला होता, तिला कुणी कळवलंच नव्हतं.

"आलात! वा!" विहीणबाईंनी तिची पिशवी उचलून बघितली. "बाप रे, यात काय दगड भरलेत?"

"खायचं आहे. चिंगीला आवडतं ते."

डब्यात बसल्यावर तिने ते सगळं बाहेर काढलं. उकडलेली अंडी, पाव, लोण्याची डबी, सफरचंदं, केक. लेकीने दोन अंडी खाल्ली, केकचा तुकडा खाल्ला, छान आहे म्हणाली. मग विहीणबाईंनी खिशातून मनुकांची पुडी काढली आणि न विचारता तिच्या हातावर रिकामी केली. लेक खिडकीबाहेर बघत एकेक मनुका तोंडात टाकत राहिली. आई त्या मनुकांकडे बघत बसली.

"चिंगे, उद्या पहिल्या चढाला माझ्यापुढे पळायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या.

चिंगी हे नाव आईने ठेवलं होतं, लेक जेमतेम मुठीएवढी असताना. ते आपण काही कुणाला लिहून दिलं नव्हतं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने त्याच्यावर सफरचंदाची फोड चावली.

मधल्या एका स्टेशनवर गाडी थांबली. लेक बाटल्या घेऊन पाणी भरायला उतरली. समोरासमोर दोघीच उरल्या. विहीणबाईंनी आरामात पाय वर घेतले.

"खरं सांगू, आम्ही जातोय यावर माझाच विश्वास बसत नाही," त्या म्हणाल्या. "ते सगळं ठरलं ना, ते गाठीच्या रिपोर्टची वाट बघताना. हॉस्पिटलात त्या बाकावर बसून बसून माझी कंबर धरली होती. मी म्हटलं, चिंगे, आत काहीही निघो, आपण दोघी ती लांबची वाट चालायची. हसली ती. त्या दिवसांत पहिल्यांदा हसली."

आईला आधी शब्द कळले, मग त्यांचा अर्थ. गाठ. हॉस्पिटल. काहीही निघो.

विहीणबाई बोलता बोलता थांबल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पाय खाली सोडले. "तुम्हाला... सांगितलंय ना तिने?"

आता म्हणायचं होतं नाही. विचारायचं होतं कुठली गाठ, कधी, काय निघालं. पण समोर बसलेली बाई त्या बाकावर बसली होती आणि ती स्वतः त्या दिवशी कुणाच्या तरी दिवाणखान्यासाठी झालर शिवत होती. हे या बाईसमोर कबूल करायचं?

"हो तर," ती म्हणाली. "सांगितलंय ना. आईला नाही सांगणार?"

"हां, मग ठीक," विहीणबाई म्हणाल्या, पण त्यांची नजर काही हटली नाही. तेवढ्यात लेक पाणी घेऊन आली आणि गाडी हलली.

झोपायची वेळ झाली तेव्हा विहीणबाई सहज म्हणाल्या, "तुम्ही खालचा बर्थ घ्या. चढायला त्रास नको. मी जाते वर."

"मला काही त्रास नाही," आई म्हणाली. "मीच जाते."

"अगं आई, हट्ट कशाला?"

"हट्ट कसला त्यात?" आणि ती चढली. एक पाय शिडीवर, एक गुडघा कुठेतरी अधांतरी, लेकीने खालून टेकू दिला, समोरचा प्रवासी सौजन्याने दुसरीकडे बघू लागला. वर पोचल्यावर कळलं की तिथे नीट बसताही येत नाही. छत नाकाशी. खाली लेक एका बाकावर, विहीणबाई समोरच्या, हात लांब केला तर एकमेकींना लागेल इतक्या जवळ. या दोघींना समोरासमोर तिनेच आणून झोपवलं होतं.

त्या कुजबुजत होत्या. चाकांच्या आवाजात शब्द लागत नव्हते. एकदा लेक खुदकन हसली. आई छताकडे बघत पडून राहिली. गेल्या वेळी लेक घरी आली तेव्हा बारीक दिसत होती का? हो, दिसत होती. मीच म्हटलं, बारीक झालीस, छान दिसतेस. देवा. रिपोर्ट चांगला नसता तर ही डोंगर चढायला निघाली असती का? पण त्या म्हणाल्या होत्या, काहीही निघो. म्हणजे वाईट निघालं असलं तरी. म्हणजे कदाचित म्हणूनच. खाली उतरून विचारणं चार पायऱ्यांचं काम होतं. पण आपण 'हो तर' म्हणून बसलो होतो. आता उतरायचं ते त्या दोन शब्दांवर पाय देऊनच.

उजाडलं तेव्हा ती शिडीवरून कशीबशी खाली आली. लेक पांघरूण डोक्यावरून घेऊन गाढ झोपली होती. विहीणबाई डब्याच्या टोकाला बेसिनपाशी दात घासत उभ्या होत्या. आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, बाजूला झाल्या. ती पुढे झालीच नाही.

"विहीणबाई," ती म्हणाली. "मला काहीच माहीत नव्हतं. काल खोटं बोलले."

"कळलं मला," त्या म्हणाल्या.

"रिपोर्ट काय आला?"

त्यांनी एक क्षणही तिला टांगून ठेवलं नाही. "साधी गाठ होती. काखेत. काढून टाकली. काही नाही, अगदी काही नाही. मी वाचलाय, दोनदा वाचलाय." मग टॉवेलशी चाळा करत म्हणाल्या, "रात्रीच उठून तुम्हाला सांगावं असं वाटत होतं. पण तुम्ही हो म्हणालात. मग कसं सांगणार?"

आईने नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिली. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या लगेच, दुसरं वाटलं. रिपोर्ट आधी वाचला तो हिने.

वाट स्टेशनच्या मागूनच सुरू होत होती. दगडांवर लाल रंगाचे पट्टे मारले होते, ते बघत चालायचं. पहिला चढ लागला तशा विहीणबाई म्हणाल्या, "मी जरा माझ्या चालीने जाते. वर भेटू." आणि ज्यांनी लेकीला पुढे पळू नको म्हणून बजावलं होतं, त्या स्वतःच ताडताड पुढे निघून गेल्या.

आई चार पावलं चालली, थांबली. "मला का नाही सांगितलंस?"

लेकीने मागे वळून बघितलं. कशाबद्दल, असं विचारलं नाही. "तू रडली असतीस."

"मग? आई आहे मी."

"हो ना. आणि मग मी तुला समजावत बसले असते. शाळेत माझा हात मोडला होता, आठवतं? तू बघून चक्कर येऊन पडलीस. मी एका हाताने तुला पाणी आणून दिलं." लेक रागात नव्हती. "मला त्या दिवशी कुणालाच समजवायचं नव्हतं गं. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, चल, चपला घाल. एवढंच."

शाळेतला तो प्रसंग ती सगळ्यांना हसत सांगायची. तो असाही सांगता येतो, हे तिला आत्ता कळत होतं.

"दाखव," ती म्हणाली.

"इथे?"

"इथे कोण आहे? दगड?"

लेकीने पाठीवरचं ओझं उतरवलं, बाही वर सरकवली, हात उचलला. बोटाच्या पेराएवढा व्रण होता, अजून गुलाबी. आईने चष्मा लावला. एकेक टाका मोजावा तसं तिने तो जवळून बघितला.

"टाके जरा जवळ जवळ घालायला हवे होते," ती म्हणाली. "पण सरळ घातलेत. बरे आहेत."

लेक बघतच राहिली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बसल्या बसल्याच तिने सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. आईने मधे एकदाही 'अगं बाई' म्हटलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तू हो पुढे, मी बुटाची नाडी बांधून येते." लेक वळणाआड गेली. नाडी बांधलेलीच होती. आई दगडावर बसून पोटभर रडली, नाक पुसलं आणि उठली.

वर खिंडीत विहीणबाई वाऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या. लेकीचे ओले-हसरे डोळे आणि आईचं लाल नाक बघूनही त्यांनी काही विचारलं नाही, सरकून जागा दिली. आपल्याला एकटं सोडायला त्या मुद्दाम पुढे आल्या होत्या, हे आईला कळलं होतं. हेही यांनाच सुचावं! ते उपकारही तिला बुटातल्या खड्यासारखे टोचले.

चौथ्या दिवशी ते गाव लागलं. तिच्या दोन्ही टाचांना फोड आले होते, पण ती मागे राहिली नव्हती, फारशी. बस लागलेली होती. लेक तिकीट काढायला गेली तेव्हा आई विहीणबाईंकडे वळली.

"पुन्हा तपासायला कधी बोलावलंय?"

"सहा महिन्यांनी."

"मी जाणार तिच्याबरोबर."

"चालेल की. आपण तिघी जाऊ."

"नाही. ती खेप माझी."

विहीणबाईंच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. आईने ते नीट ओळखलं, कारण लेकीच्या लग्नापासून गेली दोन वर्षं तेच ती आरशात बघत होती. तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"बरं," विहीणबाई शेवटी म्हणाल्या. "पण डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर पडल्या पडल्या मला कळवायचं."

"आधी तिच्या बाबांना," आई म्हणाली आणि बसची पायरी चढली. "मग तुम्हाला."