फांद्या नसलेल्या पेशी

कोर्दोबाच्या त्या प्रयोगशाळेत ग्रिसेल्दाचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मेंदूतल्या राखणदार पेशी मोजताना जिला फांद्या दिसतील तीच मोजायची. बाकी सगळा रंगाचा कचरा. पोरांच्या कित्येक तुकड्या हा नियम घोकून बाहेर पडल्या होत्या.

तिनं औषध घातलेलं खाणं देऊन उंदरांच्या मेंदूतल्या या पेशी जवळजवळ संपवल्या होत्या, मग औषध बंद केलं होतं. उरल्यासुरल्या पेशीच वाढून मेंदू पुन्हा भरतील, असा तिचा दावा. पण भिंगाखालच्या कापांत बोटांवर मोजण्याइतक्याच पेशी दिसत होत्या. संध्याकाळच्या बैठकीत हे सांगायचं म्हणजे प्रयोग गुंडाळायचा. तिला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

शेजारच्या खोलीतला ओस्वाल्दो येर्बाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन आला. नव्या पेशी बाहेरून, रक्तातूनच येतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्याच हट्टापायी उंदरांच्या रक्तातल्या पेशींना लाल खूण केलेली होती. दोघांचं भांडण रोजचं, पण तुंबा एक आणि चहा ओढायची नळीही एकच.

“घे. तोंड का पाडलंयस?”

“जखमेवर मीठ चोळायला आलास ना? बघ, पोटभर बघ. पेशी नाहीत, नुसता कचरा.”

ओस्वाल्दो भिंगावर वाकला आणि बराच वेळ उठलाच नाही.

“ग्रिसेल्दा, कचरा कधी जोडीजोडीनं बसतो का गं?”

तिनं त्याला ढकलून डोळा लावला. खरंच, गोल ठिपके दोन-दोन चिकटलेले होते, जिकडेतिकडे. एकीच्या दोन होताना पेशी फांद्या आत ओढून गोल होते, हे तिला पाठ होतं. आणि तान्ह्या पेशीला फांद्या कुठून असणार?

“बाळंच मोजायची नाहीत असं शिकवलं मी पोरांना!” तिनं कपाळावर हात मारला. “गाढव आहे मी, गाढव!”

घाईघाईनं तिनं लाल खूण शोधली. एकाही ठिपक्यावर नव्हती. सगळ्या पेशी मेंदूतच जन्मल्या होत्या.

“जिंकलीस बये,” ओस्वाल्दो म्हणाला. पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ग्रिसेल्दाचा आनंद तिथेच थबकला. त्याची बायको देलिया हल्ली त्याला कधी ओळखायची, कधी नाही. रक्तातून नव्या पेशी तिच्या मेंदूत पोचवता येतील, ही त्याची आशा सगळ्यांना ठाऊक होती. बोलत कुणी नव्हतं.

“आजारी उंदरांचे काप कुठायत?” त्यानं विचारलं.

देलियासारखाच विसरण्याचा आजार असलेले, मेंदूत त्या आजाराच्या गाठी झालेले ते उंदीर; त्यांचे काप तिनं पाहिलेच नव्हते. निरोग्यांतच काही नाही, तर आजाऱ्यांत काय पाहायचं, म्हणून. तिनं पहिली काच लावली.

“उंदीर आहेत हे, ओस्वाल्दो,” ती हळूच म्हणाली.

“माहितेय गं. मी काय आज शाळेत आलोय?”

तो वाकला. तुंब्यातला चहा निवून गेला. दारातून कुणीतरी बैठकीला हाक मारली.

“गाठीला लागूनच आहे एक जोडी,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “पुसट दिसतंय, पण आहे.”

ग्रिसेल्दानं मोजायचं यंत्र त्याच्या हातात दिलं आणि दाराकडे वळून ओरडली, “थांबा जरा! आमचं मोजून व्हायचंय.”