एका ओळीएवढी रिकामी जागा

मी एक ध्वनिफीत बोलतेय. तपकिरी, करंगळीहून अरुंद, आणि जात्याच भित्री. फीत कापायच्या पात्याची सावली पडली तरी दचकते.

पहिल्यांदा खटकलं ते अगदी क्षुल्लक होतं. पॅरिसच्या स्टुडिओत एनोरा नवं प्रेमगीत माझ्यावर गात होती. रेडिओवर घरोघर वाजणारी गायिका ती. पण ओळ संपली की जरा जास्तच थांबे. यंत्रापाशी बसलेले मार्सो हसून म्हणाले, "कुणाची वाट बघतेस गं?"

ती हसली नाही.

मागाहून कळलं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीतल्या तिच्या गावी नाचाला वाद्यं नसत, दोघी बहिणीच गात. एनोराची ओळ संपायच्या आतच थोरली गाइद शेवटचे दोन शब्द उचले आणि तीच ओळ पुन्हा म्हणे. मध्ये श्वासाइतकीही फट नाही, म्हणून नाचणाऱ्यांचे पाय थांबत नसत. एनोरा पॅरिसला निघाली तेव्हा गाइद एवढंच म्हणाली, "आता तुझी ओळ तूच उचल." त्यानंतर गाइद कुणाबरोबरच गायली नाही.

एनोराने खरंच तसं करून पाहिलं. गावच्या नाचाची एक ओळ माझ्यावर गायली, मला कापलं आणि टोकाला टोक चिकटवून माझं कडं केलं. किती घाबरले म्हणून सांगू! तिचाच आवाज फिरून फिरून येई, कधी उलटा, कधी यंत्रांतून गुरगुरत. प्रेमगीतं सुटली, ऐकणारी माणसंही सुटली. कार्यक्रमातून उठून जाताना एकजण म्हणाला, "बाई, तुमचं मशीन अडकलंय." माझ्यावरची एका ओळीएवढी जागा मात्र तिने रिकामीच ठेवली.

आज ती मला गाइदच्या स्वयंपाकघरात घेऊन आलीय. गाइद तव्यावर घावन घालतेय. टेबलावर यंत्र, आणि मी ताठ राहावं म्हणून माझ्या कड्यात सफरचंदाच्या सायडरची बाटली. मी फिरतेय. ओळ, मग शांतता. ओळ, मग शांतता.

गाइदने मान वर केली नाही. "एवढं ऐकवायला आलीस? ही ओळ तर तू एकटीच गातेयस."

"तुझी जागा ठेवलीय," एनोरा म्हणाली.

मी झिजलेय हो. दर फेरीला आवाजाची भुकटी गळते, जोड सैल होतोय. तरी मला डबीत जपून ठेवू नका. तुटेपर्यंत वाजू द्या.

बाटली सरकली. मी ढिली पडले, एनोराचा सूर गडबडला. पिठाने भरलेला एक हात पुढे आला आणि त्याने बाटली घट्ट धरली. मी पुन्हा ताठ झाले. ओळ आली, आणि ती संपायच्या आतच शेवटच्या दोन शब्दांवर एक घोगरा आवाज चढला.