पुरलेली माकडं

पलीकडच्या दरीत पिवळ्या तापानं माणसं दगावली आणि इकडे कॉफीच्या मळ्यातल्या गड्यांनी काठ्या उचलल्या. ताप माकडं आणतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. झुल्मिराचा नवरा ओलिंतो सगळ्यांत पुढे. लेकीला काही होऊ नये म्हणून त्याचं डोकंच फिरलं होतं.

रानाच्या कडेला एक दाढीवालं माकड जमिनीवर बसलं होतं. माणसं आली तरी हललं नाही. ओलिंतोनं पहिल्याच घावात त्याची कवटी फोडली. मग झाडांवर गोळ्या सुटल्या. खाली पडलेल्या मादीच्या पाठीवरचं पिल्लूसुद्धा त्यांनी सोडलं नाही.

"अहो, ते पळालं का नाही ते तरी बघा," मागोमाग आलेली झुल्मिरा म्हणाली. "आजारी होतं ते."

"म्हणूनच मारलं. तू घरी जाऊन मक्याच्या पिठाचं आंगू ढवळ."

माकड मारलं की तुरुंग, म्हणून सगळी खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी लशीची पेटी घेऊन नर्स एदिवानिया आली.

"मेलेलं माकड दिसलं का कुठं? लस थोडीच आहे. जिथं माकडं मरतायत तिथं आधी टोचतेय."

"एकही नाही, बाई," ओलिंतो म्हणाला. झुल्मिराला खड्डा माहीत होता. नवरा आत जाईल या भीतीनं तीही गप्प बसली. पेटी पुढच्या दरीत गेली.

ओलिंतो रानात झाडं तोडायला जातच राहिला. शेंड्यावरचे तापाचे डास आता खाली येऊन चावत होते. वर चावायला माकड उरलं नव्हतं. तो पडला तो उठलाच नाही. डोळे पिवळे, तोंडातून काळं रक्त. वातात त्यानं झुल्मिराचा गळा धरला, मळ्यातल्या पोरांनी ओढून सोडवला. पहाटे तो गेला.

झुल्मिराला त्याची दया आली नाही, आधी रागच आला. मग लेकीचं कपाळ गरम लागतंय की काय, या धास्तीनं तिनं ते पुन्हा पुन्हा चाचपलं. तिनं फावडं उचललं. शेजारचा जेराल्डिनो आडवा आला.

"वहिनी, खड्डा उघडलात तर आम्ही सगळे आत जाऊ."

तिनं फावडं त्याच्या खांद्यावर हाणलं. तो कळवळून खाली बसला. सडलेली माकडं तिनं हातांनी पोत्यात भरली, ते पोतं खेचत दवाखान्यात नेलं आणि एदिवानियाच्या पायाशी ओतलं.

"ही आमची माकडं," ती म्हणाली. "मी खोटं चालू दिलं. मला काय करायचं ते करा, पण आधी माझ्या लेकीला टोचा."